तीन फेऱ्या आणि चिमूटभर बुक्का

वसईजवळच्या सांडोर गावातल्या अनसूयाबाई चुरींना कीर्तनाचं वेड आहे, हे गावात कुणाला मुद्दाम सांगावं लागत नसे. कीर्तन गिरीजला असो, आगाशीला असो, नाहीतर कुणाच्या घरी बारशाच्या निमित्ताने असो, बुवा उभे राहणार असं कानावर आलं की बाई दुपारीच केळीच्या वाडीतलं काम उरकायच्या, हातावरचा चीक लिंबाच्या सालीने घासून काढायच्या आणि वेळेआधी जाऊन खांबाला टेकून बसायच्या. खांबाची जागा अशी की तिथून बुवांचा चेहरा समोर दिसतो आणि पेटीवाला कुठे चुकला तेही ऐकू येतं. पूर्वरंग संपून बुवांच्या गळ्यात हार पडला आणि सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागायला लागला, की बाई आपल्या कपाळी लावून घेऊन वर एक चिमूट जास्तीची मागायच्या. ती चिमूट काजळाच्या रिकाम्या डबीत जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या कपाळावर. लेक अक्षदा काही कीर्तनाला यायची नाही. तिची संध्याकाळ ठोसे मारण्यात जायची.

अक्षदाचे वडील गेले तेव्हा ती आठवीत होती. त्या वर्षी पोर बोलेनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची, नाही विचारलं तर भिंतीकडे बघत बसायची. चर्चच्या मैदानामागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे प्लासिड तुस्कानो नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले बॉक्सर पोरांना फुकट शिकवायचे. अक्षदा एका मैत्रिणीबरोबर तिथे गेली आणि टांगलेल्या पोत्याला मारू लागली. पोत्याला मारता मारता एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, भूक लागली." अनसूयाबाईंनी त्या दिवशी विठ्ठलाच्या देवळात नारळ फोडला, आणि आणखी एक नारळ प्लासिड सरांच्या दारात नेऊन ठेवला. सर म्हणाले, फोडू कुठे? बाई म्हणाल्या, खा.

पण पोरीला रिंगमध्ये उतरवायचं ठरलं तेव्हा बाईंनी एक अट घातली. म्हणाल्या, मी तुला आडवी येणार नाही. ओठ फुटून आलीस तर हळद लावीन आणि गप्प बसेन. पण ज्या दिवशी मला मनापासून भीती वाटेल त्या दिवशी मी 'थांब' म्हणेन, आणि मग तू थांबायचं. का, कशासाठी, विचारायचं नाही. अक्षदाने विठ्ठलाच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. त्यानंतर कितीतरी वर्षं गेली, पोर जिल्ह्यात पहिली आली, राज्यात दुसरी आली, ओठ फुटला, एकदा बरगडी दुखावली, पण बाईंनी तो शब्द काही काढला नाही. तिजोरीत जपून ठेवलेल्या दागिन्यासारखा तो त्यांच्या तोंडात पडून होता.

तो बाहेर काढायची वेळ आली ती एका नियमामुळे.

प्लासिड सर त्या सकाळी वाडीतच आले. बाई केळीची पानं कापत होत्या, सर पाटाच्या कडेला उभे राहून टोपी हातात फिरवत होते. एवढा दांडगा माणूस, पण वाईट बातमी सांगायची म्हटलं की शाळकरी मुलासारखा दिसायचा. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. परदेशातल्या मोठ्या खेळांत पैसे घेऊन लढणाऱ्या बॉक्सरनाही आता उतरू देतात. म्हणून राज्यातल्या निवडीच्या लढतीही या वर्षीपासून सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. अक्षदाच्या वजनगटात शेवटची लढत उरली आहे. जी जिंकेल ती राष्ट्रीय शिबिराला जाणार, आणि तिथून नशिबात असेल तर देशाच्या संघात. समोर आहे विरारची संपदा जगदाळे. धंदेवाईक बॉक्सर. तिकीट लावून होणाऱ्या लढती ती खेळते, डोक्याला काही न घालता, पातळ हातमोज्यांनी.

बाईंनी विचारलं, तुमचं काय म्हणणं? सर म्हणाले की हा नियमच त्यांना पटत नाही, आणि तसं त्यांनी संघटनेच्या बैठकीत उभं राहून सांगितलंही आहे. जी मुलगी कॉलेज करून, वाडीत पानं कापून, उरलेल्या वेळात सराव करते तिच्यासमोर जिची भाकरीच ठोशावर आहे तिला उभं करायचं, याला खेळ म्हणत नाहीत. बैठकीत काहीजण हसले. एकजण म्हणाला, तुस्कानो, जमाना बदलला. सरांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"अनसूयाताई, मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," ते म्हणाले. "ती म्हणते, आई बोलेल ते. तुमच्या दोघींचं काहीतरी ठरलेलं आहे म्हणे."

बाईंनी खाली बघितलं. हातातलं पान उभं फाटलं होतं. फाटलं पान गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

भीती मनात शिरायला फट लागते, ती फट सुमेधने पाडली. सुमेध म्हणजे धाकट्या दिरांचा मुलगा. मनाने वाईट नाही, पण मोबाइलमध्ये जे दिसेल ते चार माणसांना दाखवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. "काकी, ही बघा ती संपदा," म्हणत त्याने बाईंच्या पुढ्यात मोबाइल धरला. निळ्या झगमगाटात दोन बायका लढत होत्या. त्यातली एक बुटकी, सावळी, शांत चेहऱ्याची. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग त्या शांत बाईचा उजवा हात एकदाच हलला आणि समोरची खाली बसली. पडली नाही, बसली. जमिनीवर काहीतरी शोधायला बसावं तशी. दोघा माणसांनी तिला उचलून नेलं. सुमेध मागे घेऊन पुन्हा दाखवणार होता, बाईंनी त्याचा हात धरून मोबाइल पालथा घातला.

त्या दिवसापासून बाईंच्या ताटात भाकरी तशीच राहू लागली. अक्षदा समोर बसून जेवायची, आईच्या तोंडाकडे बघायची, पण विचारायची नाही. शब्द दिलेला होता ना. हे न विचारणंच बाईंना जास्त जड जात होतं. पोर भांडली असती तर बरं झालं असतं. ती भाकरीचा तुकडा मोडायची आणि मुठी मिटून मांडीवर ठेवायची. त्या मुठीत काय आहे ते आईला ठाऊक होतं. थांब म्हटलं तर पोर थांबेल, आणि पुन्हा आठवीतल्यासारखी गप्प होईल. थांब नाही म्हटलं तर ती त्या शांत बाईच्या उजव्या हातासमोर जाईल. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात तसं नव्हतं ते. दोन्हीकडे आपलीच पोर होती.

देवाची दया अशी की त्याच आठवड्यात शरदचंद्रबुवांचं कीर्तन सांडोरला होतं.

शरदचंद्रबुवा म्हणजे बाईंचे सगळ्यात लाडके बुवा. वय झालेलं, आवाज वरच्या पट्टीत थोडा फाटायचा, पण आख्यान लावायला लागले की ऐकणाऱ्याला आपण कुठे बसलोय याचं भान राहायचं नाही. त्यांची एक खोड होती. त्यांना तापायला वेळ लागायचा. नमन सावकाश, अभंग सावकाश, निरूपणात एखादं पोट-निरूपण, मग त्याचाही दाखला. नवखा माणूस तिथेच उठून जायचा. पण जो थांबला त्याला उत्तररंगात असं काही मिळायचं की घरी जाताना चप्पल राहिल्याचं घरी गेल्यावर कळायचं.

कीर्तनाआधी दुपारी बुवा देवळाच्या ओसरीवर चहा घेत बसले होते. बाई त्यांच्या पाया पडल्या आणि मनातलं सगळं ओतून मोकळ्या झाल्या. पोर, शब्द, नियम, मोबाइलमधली बाई. आणि शेवटी जरा अडखळत म्हणाल्या, "बुवा, मला हेच कळत नाही. जे मनापासून करायचं ते पैशासाठी करणाऱ्याबरोबर एका मांडवात कसं बसवायचं? हौशीने करणाराचा भाव वेगळा असतो ना?"

बोलून गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपण कुणाला काय म्हणालो. बुवांचा संसार बिदागीवर चालायचा. बाईंनी जीभ चावली, कान लाल झाले.

बुवांनी मात्र आधी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले की त्यांच्या तरुणपणी त्यांनाही असंच वाटायचं. नोकरी करून हौसेने कीर्तन करायचे तेव्हा धंदेवाईक बुवांना ते नाकं मुरडायचे. नोकरी सुटल्यावर स्वतःच त्या पंगतीत बसले तेव्हा कळलं. हौशी माणसाचं कीर्तन एखाद्या दिवशी पडलं तर लोक म्हणतात, बिचाऱ्याने मनापासून केलं. "ज्याचं पोट त्यावर आहे त्याला पडायची सोय नसते, अनसूयाबाई. म्हणून तो जपून असतो. आवाज जपतो, पाय जपतो, समोरचा श्रोताही जपतो. श्रोता दुखावला तर पुढल्या वर्षी बोलावणार कोण? ती पोरगी राक्षसीण असेल असं मला नाही वाटत. पण ते राहू द्या. मला हे सांगा, यांचा खेळ चालतो किती वेळ?"

बाईंनी सरांकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. हौशी मुलींच्या लढती तीन फेऱ्यांच्या, फेरी तीन मिनिटांची. त्या संपदाच्या लढती मात्र आठ-आठ, दहा-दहा फेऱ्यांच्या.

बुवा हसायला लागले. इतके, की उपरणं तोंडावर धरावं लागलं. म्हणाले, आठवतं का, मागे शहरात महोत्सव झाला होता, आणि आयोजकांनी प्रत्येक कलावंताला पंधरा मिनिटं दिली होती?

आठवायला काय झालं. बाई पहिल्या रांगेत होत्या. बुवा उभे राहिले, तानपुरा लावला, नमन झालं, अभंगाचं पहिलं चरण तीनदा घोळवलं, निरूपणाला 'आता बघा' म्हणाले, आणि घंटा वाजली. बुवांना काही कळेना, ते पुढे बोलत राहिले, तर सूत्रसंचालक येऊन हातात नारळ देऊन गेला. त्यांच्या मागून एक शाळकरी मुलगी उभी राहिली. तिला लहान म्हणून दहाच मिनिटं. पदर खोचून तिने पहिल्या क्षणापासून अशी काही झांज वाजवली आणि असं काही आख्यान पळवलं की मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. बाई त्या दिवशी घरी येऊन रडल्या होत्या, आपल्या बुवांचा अपमान झाला म्हणून.

"अपमान कसला," बुवा डोळे पुसत म्हणाले. "माझं घोडं दोन कोसांनंतर पळायला लागतं आणि शर्यत होती गल्लीच्या टोकापर्यंत. ती मुलगी माझ्याहून चांगली नव्हती. पण त्या दहा मिनिटांत तिच्याहून चांगलं कुणी नव्हतं. तुमच्या मुलीला म्हणावं, नमनात वेळ घालवू नकोस."

त्या संध्याकाळी बाई खांबाला टेकून बसल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी बुवांचा पूर्वरंग वेगळ्या कानाने ऐकला. केवढा संथ, केवढा राखून. आणि मध्यंतरात बुक्का लागला तेव्हा नेहमीपेक्षा मोठी चिमूट मागून घेतली.

घरी आल्या तर अक्षदा पायरीवर बसली होती. बाईंनी तिच्या शेजारी टेकत सांगितलं, "ती तापायच्या आत तू मोकळी हो." पोरीला वाटलं आई कीर्तनातलं काहीतरी सांगते आहे. मग अर्थ लागला आणि तिने आईच्या मांडीत डोकं खुपसलं. ती रडली की हसली ते बाईंना कळलं नाही, पाठ मात्र हलत होती. प्लासिड सरांना दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, मी तिला आठवडाभर हेच सांगतोय, पण माझ्या तोंडून ते एवढं पवित्र वाटत नाही.

लढत वसईतच होती, एका बंदिस्त क्रीडागृहात. निघायच्या वेळी अक्षदा पाया पडली. बाईंनी काजळाची डबी उघडली. एरवी ठिपका लावायच्या, त्या दिवशी भीतीने हात सैल सुटला. सगळीच्या सगळी चिमूट कपाळभर लागली, भुवईपासून केसांपर्यंत काळा पट्टा. अक्षदा आरशात बघून हसली, पण पुसला नाही. आईने 'थांब' म्हटलं नव्हतं. कपाळावर काळं राहिलं तर तिची काय तक्रार असणार. क्रीडागृहात जाऊन तिने वर डोक्याचं संरक्षक कवच चढवलं, पट्टा आवळला आणि बुक्का झाकला गेला. सरांनी हातमोजे बघितले, दातांचा रबर बघितला. कपाळ कोण बघतो?

बाई प्रेक्षकांत वरच्या रांगेला बसल्या होत्या. त्यांनी ठरवलंच होतं की डोळे उघडायचे नाहीत. नामस्मरण करायचं. शेजारी सुमेध होता. त्याला सक्त ताकीद होती की काय चाललंय ते सांगायचं, पण फक्त चांगलं सांगायचं.

घंटा झाली. पहिल्या फेरीभर सुमेध सारखा बोलत होता. अक्षदा भिंगरीसारखी फिरतेय काकी, आत जाते, दोन देते, बाहेर येते, ती संपदा नुसती बघतेय. बाईंना डोळ्यांपुढे बुवा दिसले, तानपुरा लावणारे. दुसऱ्या फेरीत सुमेधची वाक्यं लहान झाली. तिसरी सुरू झाली आणि तो बोलायचाच थांबला.

फक्त चांगलं सांगायचं असं बजावलेला पोरगा गप्प झाला, तर आईने काय समजायचं?

बाईंनी डोळे उघडले. संपदा आता रंगात आली होती. तीच ती शांत, बुटकी बाई, पण पाय हलू लागले होते आणि अक्षदा दोरांकडे मागे मागे जात होती. एक ठोसा बसला, कवचावर. दुसरा बसला. आणि अक्षदाच्या कवचाखालून, भुवईवरून, गालावर काळपट ओघळ उतरला. पोरीने एक डोळा घट्ट मिटला, मग दुसराही. ती आंधळ्यासारखी हात चाचपडत उभी राहिली, हनुवटी उघडी.

तो उजवा हात निघाला. मोबाइलमधला तोच हात. बाईंच्या तोंडून 'थांब' बाहेर पडलं. इतक्या वर्षांचा साठवलेला शब्द, पण ओठांवरच विरला, शेजारच्या सुमेधलाही ऐकू गेला नाही.

आणि हात थांबला.

अर्ध्या वाटेवर थांबला. संपदाने तो मागे घेतला, दोन पावलं मागे सरकली आणि कोपराने पंचांना खूण केली, हिच्याकडे बघा. पंचांनी लढत थांबवली. डॉक्टर आत आले, कवच काढलं, पांढऱ्या कापडाने भुवई पुसली. कापड काळं झालं. डॉक्टरांनी पुन्हा पुसलं, जखम शोधली. जखम कुठे नव्हती. मग त्यांनी कापड नाकाशी नेलं आणि गोंधळून पंचांकडे पाहिलं. प्लासिड सर कोपऱ्यातून दोरावर वाकले. त्या क्षणी सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बाईंना वरच्या रांगेतूनही वाचता आलं.

"बुक्का आहे, साहेब," सर म्हणाले. "देवळातला."

आसपासचे काही लोक हसले. पंच हसले नाहीत, पण त्यांनी तोंड फिरवलं. अक्षदाचे डोळे पाण्याने धुतले, कपाळ पुसून स्वच्छ केलं, कवचाची आतली बाजूही पुसली आणि तिला एक ताकीद देऊन लढत पुन्हा सुरू केली. पण मध्ये खंड पडला होता. संपदाचे पाय पुन्हा तापायला निघाले तोवर शेवटची घंटा झाली.

कोण जिंकलं हे बाईंना त्या वेळी कळलंच नाही. दोघींना मधे उभं केलं, पंचांनी एकीचा हात वर केला, लोक ओरडले, सुमेध बाकावर चढला. बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या बघत होत्या पोर सरळ चालते का, पायऱ्यांवरून खाली उतरताना पाय टेकते का, मान इकडून तिकडे फिरवते का. पोर दोरांतून वाकून बाहेर आली, शेवटच्या दोन पायऱ्या न उतरता उडी मारून खाली आली आणि सरांच्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली. तेव्हा बाईंच्या छातीतून असा श्वास बाहेर पडला, की तो आत कधी घेतला होता तेच आठवेना. विठ्ठला, म्हणाल्या, भरून पावले. मग सुमेधला विचारलं, अरे, जिंकलं कोण?

अक्षदा जिंकली होती. पाच परीक्षकांपैकी तिघांनी तिला दिलं, दोघांनी संपदाला.

बाई खाली गेल्या त्या पोरीकडे नाही. आधी संपदाकडे. संपदा बाकावर बसून हाताच्या पट्ट्या सोडवत होती. जवळून बघितलं तर पंचविशीची पोर, कानात साधे डूल, हनुवटीवर जुना टाका. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पटकन बोलून गेल्या की तो बुक्का मी लावला होता, माझ्या हातून चूक झाली, आणि तू मारलं नाहीस म्हणून तू हरलीस.

संपदाने वर पाहिलं. "वासावरूनच कळलं काकू. आमचे आजोबा माळकरी, साताऱ्याकडचे. ठोसा निघाला आणि एकदम देवळाचा वास. म्हटलं, हे कुठून आलं?" ती हसली, मग पट्टी गुंडाळत सावकाश म्हणाली, "अन् हरले ते त्याने नाही. पहिल्या फेरीत झोपले होते, म्हणून हरले. तुमची पोर लई चपळ. पण बघा, डोळे मिटलेल्याला मी मारत नाही. माझं रोजचं काम आहे हे. उद्या माझे डोळे मिटले तर समोरचीने थांबावं असं मलाही वाटणार ना?"

बाईंना बुवांची चहाची बशी आठवली. जपून असतो, म्हणाले होते. समोरचा श्रोताही जपतो. त्यांनी संपदाची पट्टी सुटलेली बोटं आपल्या चिकाने काळवंडलेल्या हातांत घेतली आणि बराच वेळ सोडली नाहीत. मग म्हणाल्या, येत्या एकादशीला आमच्याकडे बुवांचं कीर्तन आहे, तू जेवायलाच ये.

प्लासिड सर तिथेच होते. परतताना रिक्षात ते म्हणाले, "मत माझं तेच आहे, ताई. नियम चुकलाच आहे. सगळ्याच अशा नसतात. एखादीने मारला असता." मग टोपी सारखी करत, "पण पोरगी चांगली आहे. आणि यापुढे बुक्का लढतीनंतर." बाईंनी मान डोलावली. दोन्ही गोष्टी त्यांना पटल्या होत्या.

अक्षदा मधे बसली होती, डोळे अजून लाल, आईच्या खांद्यावर डोकं टाकून. तिने हळूच विचारलं, "भीती वाटली होती ना? मग थांब का नाही म्हणालीस?"

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "तुला नाही, पण जिला ऐकू जायला हवं होतं तिला गेलं."

एकादशीला संपदा आली, विरारहून बसने, हातात बेलफळाच्या मुरंब्याची बरणी घेऊन. अक्षदाही त्या दिवशी पहिल्यांदा कीर्तनाला आली. शिबिराला निघायच्या आधी एकदा, म्हणाली. बाईंनी दोघींना खांबाशी बसवलं आणि स्वतः थोडं पुढे सरकल्या. शरदचंद्रबुवांनी तानपुरा लावला, नमन केलं, अभंग घेतला, निरूपण सुरू झालं, त्यात पोट-निरूपण निघालं. अक्षदाची चुळबूळ सुरू झाली, तिने दोनदा मोबाइल बघितला. शेवटी मध्यंतर झालं, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्क्याचं ताट फिरू लागलं. ताट जवळ आलं तसं बाईंनी आधी संपदाच्या कपाळाला बोट लावलं, मग पोरीच्या. एकेक ठिपका, मोजून तेवढाच. जास्तीची चिमूट मागितली नाही. डबी घरीच ठेवून आल्या होत्या.

संपदाने बुक्क्याचा वास छातीभर ओढून घेतला आणि बाईंच्या कानाशी लागून विचारलं, संपत आलं का आता?

"अजून उत्तररंग आहे," बाई म्हणाल्या. "खरं तर आत्ता सुरू होतील बुवा. तुला कंटाळा येत असेल तर…"

"नाही हो काकू," संपदा पाय दुमडून नीट बसली. "लांबचं असेल तर मला बरं वाटतं."